सातव्या प्रकरणातला माणूस

निल्दा पेरेरा मोंतेविदेओहून पायसान्दूला निघाली ती बाईंना लोकरीचे पायमोजे द्यायला. निदान स्वतःला तरी तिनं तसंच सांगितलं होतं. जुलैचा गारठा हाडांत शिरत होता, एकोणनव्वद वर्षांच्या म्हातारीचे पाय थंड पडत असणार, आणि मोजे टपालानं पाठवले तर ते भर उन्हाळ्यात, नाताळाच्या सुमाराला पोचले असते. तेव्हा आपणच जाऊन यावं हे बरं.

खरं कारण आठवड्यापूर्वी फोनवरून आलं होतं. बाईंना सांभाळणारी ग्लादिस फोनवर म्हणाली होती, “ताई, बाईंचा निरोप आहे. म्हणाल्या, निल्दाला सांग, राहिलेलं प्रकरण घेऊन ये. आणि गुरुवारीच ये.”

“कसलं प्रकरण?” निल्दानं विचारलं खरं, पण विचारतानाच तिला कळलं होतं.

“ते मला काय ठाऊक? आठवं, एवढंच म्हणाल्या.” ग्लादिसनं आवाज खाली आणला. “ताई, लवकर या. हल्ली त्या जेवत नाहीत.”

पाच तासांच्या बसप्रवासात निल्दानं खिडकीबाहेरच्या गायी मोजल्या, दोनदा डुलकी काढली, आणि उरलेला सगळा वेळ ती सत्त्याहत्तर सालात होती. तिथून ती खरं म्हणजे कधी बाहेर पडलीच नव्हती.

त्या सुमाराला बाईंच्या घरी दर गुरुवारी दुपारी चार वाजता लेखनाची कार्यशाळा भरायची. मात्र कार्यशाळा हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. लष्कराचे दिवस होते. बंद दाराआड चार माणसं जमली की गल्लीतल्या पडद्यांना कान फुटत. म्हणून कुणी विचारलंच तर विणकामाचा वर्ग, आणि आपापसांत नुसतं ‘गुरुवार’. वॉशिंग्टन ओलिवेरा रेल्वेत तिकिटं तपासायचा, तोही मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन बसायचा. दोन वर्षांत त्यानं एक मफलर विणला, आणि तोही एका टोकाला टॉवेलएवढा रुंद झाला. औषधांच्या दुकानातली तेरेसिता एकामागून एक सिगारेटी ओढायची आणि प्रत्येक वाक्यात तीन विशेषणं घालायची. निल्दा सगळ्यांत लहान, सत्तावीस वर्षांची. आणि टेबलाच्या डोक्याशी इर्मा बेंतांकोर बाई. सरकारनं त्यांना शाळेतून काढून टाकलं होतं. तर बाईंनी शाळाच घरी आणली.

बाईंचे नियम दोनच होते. पहिला असा, की या टेबलावर जे मोठ्यानं वाचलं ते घडलं. मग ते मागे घ्यायचं नाही. दुसरा याहून कठीण. वाचून झालं की लेखकानं तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं. बाकीचे बोलतील, टोचतील, हसतील, पण खुलासा करायचा नाही. सगळ्यांचं बोलून झालं की बाई साखरेच्या भांड्यावर चमचा वाजवत, आणि मगच लेखकाला बोलायची परवानगी. कुणी मध्येच “पण मला तसं म्हणायचं नव्हतं” असं सुरू केलं की बाई म्हणत, “पुस्तक छापून झाल्यावर घरोघर सांगत फिरणार आहेस का, मला काय म्हणायचं होतं ते?”

सत्त्याहत्तर साली चौघांनी मिळून एक कादंबरी लिहायला घेतली होती. प्रत्येकानं पाळीपाळीनं एक प्रकरण लिहायचं. नायकाचं नाव लेओकादिओ तेचेरा. एक पत्र पोचवायला निघालेला साधा माणूस. दुसऱ्या प्रकरणात वॉशिंग्टननं त्याला घोड्यावरून पाडलं आणि डाव्या पायानं लंगडा केला. तिसऱ्यात तेरेसिता ते विसरली आणि तिनं त्याला लहानपणच्या आजारानं उजव्या पायानं लंगडा केला. दोघांची अशी जुंपली की शेजारीण भिंत ठोकायला लागली. बाईंनी निकाल दिला, “दोन्ही वाचून झालंय. आता दोन्ही खरं. निस्तरा.”

सातवं प्रकरण निल्दाचं होतं. बाई नेहमी म्हणायच्या, पाहिलेली जागा लिहा, म्हणून तिनं बाईंच्याच घरातला बोळ लिहिला, त्यातला हिरवा लाकडी बाकही लिहिला. पावसात भिजलेला तेचेरा पत्र घेऊन येतो, आतून आवाज येतो, “बसा, बोलावतील”, आणि तो बाकावर बसतो. इथे प्रकरण संपलं. सगळ्यांना आवडलं. वॉशिंग्टननं तर टाळ्या वाजवल्या. आठवंही तिनंच लिहायचं ठरलं.

त्यानंतरच्या गुरुवारी दारात जीप थांबली.

एका कोवळ्या अधिकाऱ्यानं सातही प्रकरणं उभ्या उभ्या वाचली. वाचून त्यानं एकच विचारलं, “हा तेचेरा राहतो कुठे?” बाई म्हणाल्या, तो कादंबरीतला आहे. “ते कळलं,” अधिकारी म्हणाला, “पण राहतो कुठे?” आता याला काय सांगणार? सात प्रकरणांत कुणीही त्या माणसाला घर दिलं नव्हतं. शेवटचं प्रकरण निल्दाच्या हातचं, म्हणून तिला चौकीवर नेलं, आणि दोन दिवस दोन रात्री तोच प्रश्न विचारला. राहतो कुठे? कुणाच्या घरी? मारलं नाही, पण झोपू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सोडलं, आणि त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं ती मोंतेविदेओला पळाली. बाईंना सांगितलंही नाही. तिथे एका नोटरीकडे टाइपिस्ट झाली. लग्न केलं नाही. आणि एकतीस वर्षांत स्वतःची अशी एक ओळ लिहिली नाही.

पायसान्दूच्या बसस्थानकावर वॉशिंग्टन छत्री घेऊन उभा होता. सत्तरी उलटलेली, एक कान गेलेला, पण तोंड शाबूत.

“निल्दे! अगं, तू तर बाईंएवढी झालीस!”

“तू मात्र होतास तसाच आहेस, वॉशिंग्टन. तेव्हाही म्हातारा दिसायचास.”

दोघं हसली आणि हसता हसता दोघांचेही डोळे भरून आले. बाई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. निल्दा आता अठ्ठावन्नचीच होती. हे तिच्या बसमध्येच लक्षात आलं होतं आणि तेव्हापासून सलत होतं. त्याच्या खटारा गाडीत बसल्यावर जुन्या गोष्टी निघाल्या. मफलर, शेजारीण, तेरेसिता. तेरेसिता दहा वर्षांपूर्वी गेली, आणि तिच्या शवपेटीत त्यानं सिगारेटचं पाकीट सरकवलं तेव्हा पाद्री बघत होता, हेही त्यानं सांगितलं. निल्दाला वाटलं, हा बोलत राहावा आणि रस्ता संपूच नये.

“बाईंकडे जातोस ना अधूनमधून?” तिनं विचारलं.

“जायचो. दर गुरुवारी. आता नाही जात.”

“भांडलात की काय?”

“बाईंशी कोण भांडणार?” त्यानं काचेवरची वाफ बाहीनं पुसली. “एकदा मला जरा उशीर झाला. बाई आत कुणाशी तरी बोलत होत्या. मला वाटलं ग्लादिस. दारावर हात ठेवला, तर ग्लादिस माझ्या मागून पिशवी घेऊन बाजारातून येत होती.” त्यानं पुन्हा काच पुसली. “मी आत गेलोच नाही. बाई म्हणून दाखवत होत्या, निल्दे. पाठ केल्यासारखं. तुझं सातवं.”

निल्दानं पिशवीतले मोजे चाचपले.

“तुझं भिजत घोंगडं आहे ते. एकतीस वर्षं भिजतंय. आता तूच ते वाळत घाल.” घराच्या कोपऱ्यावर त्यानं गाडी थांबवली; दारापर्यंत नेली नाही. “माझी छत्री घेऊन जा. परत द्यायची घाई नाही.”

दुपारच्या झोपेची वेळ होती. गल्लीतल्या सगळ्या झडपा ओढलेल्या, चिटपाखरू नाही, आणि बारीक पावसाचा आवाज. पायसान्दूत रात्रीपेक्षा दुपार जास्त सामसूम असते; रात्री निदान कुत्री तरी भुंकतात.

ग्लादिस दारातच भेटली. अंगावर कोट, हातात पिशवी. “बरं झालं आलात, ताई. शेगडी पेटवलीय, माते चहाचं सगळं टेबलावर मांडून ठेवलंय, किटलीत पाणी गरम आहे. मी पाचला येते.”

“तू चाललीस कुठे?”

“बहिणीकडे. दर गुरुवारी चार ते पाच जाते. बाईंचा वर्ग असतो ना.” नळ गळतो म्हणून सांगावं तितक्या सहज तिनं हे सांगितलं.

“वर्गाला येतं कोण?”

ग्लादिसनं छातीवर क्रूस काढला. “विचारलं नाही हो कधी. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? बाई जेवल्या, झोपल्या, औषधं घेतली, एवढं मी बघते. फक्त एक सांगते...” तिनं बोळाकडे हनुवटी केली. “मी जाते तेव्हा तो बाक कोरडा असतो. येते तेव्हा ओला असतो. आणि छप्पर कुठे गळत नाही. मिस्त्री आणून बघितलं.”

ती गेली. निल्दा बोळातून आत गेली, बाकाकडे न बघता. बाक कोरडाच होता. न बघताही तिनं ते बघितलं.

खोली होती तशीच होती. रॉकेलची शेगडी, तिच्यावर पाण्याच्या भांड्यात उकळणारी निलगिरीची पानं, तो नाकात चढणारा वास. टेबलावरच्या मेणकापडाला तेरेसिताच्या सिगारेटनं पाडलेलं भोक. निल्दानं त्यावर बोट ठेवलं. या टेबलाशी ती जेवढी सुखात होती तेवढी पुन्हा कुठेच झाली नाही. ही साधी गोष्ट मान्य करायला तिला एकतीस वर्षं लागली.

“निल्दे, आलीस? लोकरीचा वास येतोय. मोजे आणलेस होय?”

बाई खुर्चीत बसल्या होत्या. फार लहान झाल्या होत्या. डोळ्यांवर दुधाळ साय आली होती, नजर पार गेलेली. पण आवाज तोच, खडूनं फळ्यावर रेघ ओढल्यासारखा सरळ. निल्दानं खाली बसून त्यांच्या पायांत मोजे चढवले. पाय बर्फासारखे गार होते.

“लिहितेस का काही?”

“नाही, बाई. नोटरीकडे टाइप करते. खरेदीखतं, मृत्युपत्रं.”

“एकतीस वर्षं?”

“हो.”

“वाया घालवलीस गं पोरी.” रागावून नाही, दूध उतू गेल्यावर म्हणावं तसं.

“मी पळून गेले, बाई. तुम्हाला न सांगता. मला फार...”

“सगळेच पळाले. बरंच केलंत.” बाईंनी अंधारात चाचपडत तिचा हात धरला. “पळता न आलेला एकच आहे. तू त्याला बसवून गेलीस.”

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले.

बाहेरचं दार वाजलं नाही. पण बोळात पावलं आली. ओली, सावकाश. एक पाऊल पडे, आणि दुसरं घासत येई... पडे, घासत येई. बोळाच्या मध्यापर्यंत डावं घासत आलं. मग पावलं थांबली, आणि पुन्हा निघाली तेव्हा घासणारं पाऊल उजवं होतं. बाक करकरला. निलगिरीच्या वासात हळूहळू भिजलेल्या लोकरी कोटाचा वास मिसळला.

“वॉशिंग्टननं डावा दिला, तेरेसितानं उजवा,” बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “बिचारा आलटून पालटून लंगडतो. किती वेळा म्हटलं होतं तुम्हाला, आधीचं वाचून मग लिहा.”

निल्दानं खुर्चीचा हात पकडला. “बाई... हे... कधीपासून?”

“माझे डोळे गेले तेव्हापासून. आधीही येत असेल. दिसायचं तेव्हा ऐकू येत नव्हतं. घाबरू नकोस. तो काही करत नाही. नुसता विचारतो.”

“काय?”

“पुढे काय म्हणून. दुसरं काय विचारणार? मी त्याला सातवं म्हणून दाखवते. तेवढंच माझ्याकडे आहे.” बाई पुढे वाकल्या. “ऐक निल्दे. माझे आता थोडेच गुरुवार उरलेत. मी गेले की भाचे घर विकतील, इथे चपलांचं दुकान होईल. आणि तो बसून राहील. कुणी तरी बोलावेल म्हणून. शिकवलेल्या एवढ्या पोरांची कधी लागली नाही तेवढी काळजी मला त्याची लागलीय. घास उतरत नाही गं. तू बसवलास, तूच उठव.”

“मी लिहून आणलं नाही, बाई.”

“मग इथेच लिही. कधी घरून लिहून आणायचीस तू?”

टेबलावर कागद आणि पेन्सिल होती. बाईंनी मांडून ठेवायला सांगितलं असणार. निल्दानं पेन्सिल उचलली. काय लिहावं हे तिला सुचत नव्हतं. फक्त बोळातल्या त्या माणसानं जावं, बाईंनी जेवावं, आणि आपण इथून उठून आपल्या घरी, चौथ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत, दार लावून बसावं, एवढंच वाटत होतं. आणि मग पेन्सिल चालायला लागली. एकतीस वर्षांनी चालायला लागली, तरी ती गंजली नव्हती. भीती होतीच, पण तिच्या खाली कुठेतरी जुना आनंद हलला, आणि त्याची तिला लाजही वाटली. अर्ध्या पानात तिनं संपवलं.

“वाच,” बाई म्हणाल्या.

बाक करकरला. पावलं खोलीच्या दारापर्यंत आली आणि थांबली. निल्दानं मान वर केली नाही. डोळ्यांच्या कडेला कोटाचा ओला काठ दिसला, टोपी धरलेले दोन हात दिसले. त्याच्या वर बघायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं, आणि कागद तोंडाजवळ धरून वाचलं.

“‘आतून हाक आली. तेचेरा उठला. इतका वेळ बसून पायांना मुंग्या आल्या होत्या. त्यानं पत्र दिलं. घेणाऱ्यानं ते उघडून वाचलं, घडी घातली, आणि म्हणाला, तुमचं काम झालं. आता तुम्ही मोकळे. पाऊस थांबला होता. लेओकादिओ तेचेरा घरी गेला.’”

वाचून झालं. शेगडीवर पाणी उकळत होतं. निल्दानं तोंड मिटून घेतलं; ते आपोआप मिटलं.

“सुरुवात चांगली आहे,” बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता, अगदी तेव्हासारखा. “मुंग्या आवडल्या. एकही विशेषण नाही, तेरेसिताला राग आला असता. पण शेवटच्या वाक्याशी मी अडले. घरी गेला. कुणाच्या घरी? सात प्रकरणांत त्याला घर नाही. हे तू विसरलीस, निल्दे. तू विसरावंस?”

दोन दिवस दोन रात्री ऐकलेला प्रश्न, आणि तिनं नेमका त्याच खड्ड्यात पाय टाकला होता. लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर एकच घर होतं, चौथ्या मजल्यावरचं. तिला ओरडून सांगायचं होतं, थांबा, खोडते, दुसरं लिहिते, समुद्रावर गेला म्हणते, देवाघरी गेला म्हणते. पण मोठ्यानं वाचून झालं होतं. आणि बाईंनी भांड्यावर चमचा वाजवला नव्हता. तो त्यांच्या हातात होता, वर धरलेला.

“आता तुम्ही सांगा,” बाई दाराकडे तोंड करून, पाहुण्याला म्हणावं तशा अदबीनं म्हणाल्या. “तुमचं मत राहिलंय.”

टोपी त्या हातांत एकदा फिरली. मग दारातून एक आवाज आला. घोगरा, न वापरलेला.

“आवडलं...”

आणि थोड्या वेळानं, “फार वेळ लागला.”

पावलं वळली. बोळातून गेली, डावं घासत, मग उजवं घासत, पण आता भराभर, सुट्टी झाल्यावर पोरं निघतात तशी. बाहेरचं दार उघडल्याचा आवाज मात्र या वेळी स्पष्ट आला, आणि लागल्याचाही.

“गेला,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फार मोठा श्वास सोडला. “गेला गं बाई एकदाचा.”

निल्दा चमच्याकडे बघत राहिली. आता वाजवतील. मग मी सांगीन, बाई, चूक झाली, दुरुस्त करू द्या. बाईंच्या चेहऱ्यावर हसू होतं. चमच्याचा हात हळूहळू खाली येत मांडीवर टेकला, तरी चमचा बोटांत तसाच होता. खोलीत निलगिरीचा वास भरून राहिला होता. निल्दा वाट बघत बसली. तिला कळलं होतं. पहिल्या दोन मिनिटांतच कळलं होतं. तरी ती तोंड मिटून बसून राहिली, कारण परवानगी मिळाली नव्हती, आणि या टेबलाशी दुसरं काही करायचं तिला माहीतच नव्हतं.

पाच वाजता ग्लादिस आली तेव्हा बाईंचे हात गार पडले होते. मोज्यांतले पाय तेवढे अजून किंचित कोमट होते, असं ग्लादिस पुढे सगळ्यांना सांगायची.

शुक्रवारी दफन झालं. भाचे आले, फुलं आली, बाईंकडे लिहायला वाचायला शिकलेली, आता टक्कल पडलेली किती तरी पोरं आली. वॉशिंग्टननं तो रुंद होत गेलेला मफलर गळ्यात घातला होता, आणि त्याला कुणी हसलं नाही. परतताना त्यानं निल्दाला हळूच विचारलं, “लिहिलंस?”

“लिहिलं.”

“उठला का तो?”

“उठला. गेला.”

“चला. दोघंही सुटले.” त्यानं मफलरच्या रुंद टोकाला नाक पुसलं. “तूही सुटलीस, निल्दे. आता काही तरी लिही, नाही तर बाई वरून चमचा फेकून मारतील.”

शेवटचं वाक्य काय लिहिलं ते निल्दानं त्याला सांगितलं नाही. म्हातारा माणूस; उगाच जिवाला घोर कशाला?

शनिवारी सकाळच्या बसला बसण्याआधी तिनं स्थानकावरच्या दुकानातून एक वही घेतली. पाच तास ती मांडीवर ठेवून बसली. लिहिलं काही नाही, पण उघडली दोनदा. मोंतेविदेओत स्वच्छ ऊन पडलं होतं. समुद्राकडून वारा येत होता, शनिवारची दुपार, रस्त्यात मुलं चेंडू खेळत होती. अशा उन्हात कालपरवाचं सगळं खोटं वाटायला लागतं, आणि निल्दालाही वाटायला लागलं होतं. भुकेनं पोटात कावळे ओरडत होते. दुःख होतं, पण ते साधं, आपलं दुःख होतं.

इमारतीचा पहारेकरी एबेर फरशीवर पाणी मारत होता. तिला बघून त्यानं नळी बाजूला धरली.

“आलात, ताई? पाहुणे वाट बघून कंटाळले असतील.”

“कोण पाहुणे?”

“अहो, तुमचे भाऊ. गुरुवारीच आले, साडेचारच्या सुमाराला.”

निल्दा छत्रीचा दांडा घट्ट धरून उभी राहिली. गुरुवारी साडेचारला ती पायसान्दूत, बाईंच्या टेबलाशी तोंड मिटून बसली होती. “मला भाऊ नाही, एबेर.”

“थट्टा करताय होय गरिबाची?” एबेर हसला. “तेच नाक, तेच डोळे, हसताना एक भुवई वर जाते तीसुद्धा. तुम्हीच पँट घालून आलात असं वाटलं मला. मी विचारलं, कोणाकडे? तर म्हणाले, घरी. किल्ली त्यांच्याकडे होती, म्हणून मी अडवलं नाही. चांगला माणूस हो, जरा लंगडतात एवढंच. काल खाली येऊन बराच वेळ बसले होते माझ्याजवळ. तुमचंच विचारत होते. सकाळी किती वाजता उठता, रविवारी कुठे जाता, लहानपणी कसल्या भीतीनं रडायचात... आता ते मला काय ठाऊक असणार? जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं.”

“आणि...?”

“आणि काय? लिहून घेत होते.”

निल्दानं वर बघितलं. चौथ्या मजल्यावरची तिची खिडकी उघडी होती, आणि उन्हात पडदा हलत होता. तिला पळता आलं असतं. पिशवी हातात होती, बसस्थानकाचा रस्ता ठाऊक होता, पळायची सवयही होती. पण कुठे पळणार? आणि कितीदा? शिवाय एक गोष्ट तिला स्वतःपासूनही लपवता येईना. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्या घरात कुणी तरी तिची वाट बघत होतं.

जिन्यात गारवा होता. तिनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि वरून टाइपरायटरची कळ पडल्याचा आवाज आला. दुसऱ्या पायरीला पुन्हा एक. ती थांबली, आवाज थांबला. तिच्या घरात टाइपरायटर नव्हता. जो होता तो तिनं सत्त्याहत्तर सालीच, पळण्याआधी, पायसान्दूच्या पुलावरून नदीत टाकला होता. कठड्याला धरून ती बराच वेळ उभी राहिली. वर कुणी तरी, अजिबात घाई न करता, ती पुढे काय करते याची वाट बघत होतं.